अफूची वाट आणि खडूची रेघ



दर वर्षी २६ जूनला गावोगावच्या शाळांतून प्रभातफेरी निघते. अंमली पदार्थांच्या विरोधात हा दिवस पाळावा असं संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली ठरवलं, तेव्हापासूनची ही चाल. मुलांच्या हातांत पुठ्ठ्याचे फलक असतात. फलकावर एक कवटी, तिच्याखाली दोन हाडं आणि कसलं तरी यमक. फेरी पारापाशी येऊन थांबते, एक पाहुणा बोलतो, मुलांना गोळ्या वाटतात – लिमलेटच्या बरं का – आणि सगळे घरोघर जातात.

मी तो पाहुणा पुष्कळदा झालो आहे. इतिहासाचा प्राध्यापक असल्यामुळे आकडे सांगायची मला खोड. एका गावी मी सांगत होतो की, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे आपल्या देशात अफू आणि अफूच्या जातीचे पदार्थ घेणारी माणसं २ कोटी २६ लाख आहेत. समोर पहिल्याच रांगेत एक म्हातारे शेतकरी बसले होते. भाषण संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, “मास्तर, दोन कोट म्हंजे किती, ते आमास्नी काय उमगत न्हाई. पर ह्ये येतं कुटनं आन्‌ जातं कुटं, तेवढं दावा की एकदा.”

‘सांगा’ नाही म्हणाले, ‘दावा’ म्हणाले. घरी येताना एस.टी.त मी त्याच शब्दाचा विचार करीत होतो. कवटी भीती दाखवते, आकडा विस्तार सांगतो. पण कुठून कुठे, हे दाखवणारी वस्तू एकच. ती म्हणजे नकाशा. आणि नकाशा तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर टांगलेलाच आहे. आज मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, विशेषतः शिक्षक मित्रांशी.

नकाशा म्हटला की नद्या, डोंगर, राजधान्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण नकाशावर दुःखही काढता येतं, हे दीडशे वर्षांपूर्वीच लोकांच्या ध्यानात आलं होतं. १८५४ च्या सप्टेंबरात लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. थोड्या दिवसांत सहाशेवर माणसं दगावली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने त्या वस्तीचा नकाशा घेतला आणि ज्या घरात माणूस गेला, त्या घरापाशी एक छोटी काळी रेघ मारली. दोन गेले तर दोन रेघा. रेघा मारून झाल्यावर दिसलं की त्यांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती आहे. हवेने नव्हे, पाण्याने पटकी पसरते, हे त्याचं म्हणणं त्या कागदावर उघड झालं. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुस्तकांतून ती बहुधा उलटी सांगतात. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरलाच काढला गेला होता. नकाशा छापून आला तो नंतर. म्हणजे नकाशाने साथ थांबवली नाही. जे घडलं ते दुसऱ्यांना पटवून देण्यासाठी तो होता. नकाशाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी; जास्त ठेवली की फसगत होते.

दुसरा माणूस फ्रान्सचा, शार्ल मिनार, पेशाने इंजिनियर. माल कुठून कुठे जातो हे तो पट्ट्यांनी दाखवी, आणि जितका माल जास्त तितका पट्टा रुंद. त्याचा कापसाचा नकाशा आपण मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि मिनारच्या नकाशावर हिंदुस्थानातून युरोपकडे जाणारा पट्टा एकाएकी अजगरासारखा फुगला. आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याच्या पणजोबांनी पिकवलेला कापूस त्या पट्ट्यात आहे. पट्टा मावेना म्हणून मिनारने समुद्रकिनारे सुद्धा थोडे इकडेतिकडे सरकवले! भूगोलाच्या मास्तरांना हे खपणार नाही. पण त्याला किनारा दाखवायचा नव्हता, ओझं दाखवायचं होतं.

आता आपण ह्याच रीतीने अफूचा नकाशा काढू. अफूच का, असं कोणी विचारील. एक तर ह्या व्यापाराच्या नोंदी व्यवस्थित राहिल्या आहेत. आणि दुसरं म्हणजे ती वाट आपल्या दारावरून गेलेली आहे. खडू घ्या, आणि हिंदुस्थान व चीन दोन्ही दिसतील असा नकाशा फळ्यावर काढा.

पहिली खूण माळव्यात करा. इंदूर, उज्जैन, मंदसोर. होळकर-शिंद्यांचा मुलूख, म्हणजे मराठी राज्यकर्त्यांचाच. तिथल्या काळ्या जमिनीत खसखशीचं पीक येई. बोंडं भरली की त्यांना बारीक चिरा पाडायच्या, रात्रभर चीक पाझरू द्यायचा, आणि सकाळी तो खरवडून घ्यायचा. हीच अफू. दुसरी खूण बिहार आणि बनारसकडे करा. तिथली अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्याची होती. शेतकऱ्याला उचल मिळे आणि भाव कंपनीची माणसं ठरवीत. माळव्यात कंपनीचा मक्ता नव्हता. तिथे उचल सावकाराची असे. उचल घेऊन पीक काढणं म्हणजे काय, हे तुम्हांला मी समजावून सांगायची गरज नाही.

माळव्यातून मुंबई नैऋत्येला आहे. परंतु कंपनीला माळव्याची अफू नको होती, कारण ती चीनमध्ये तिच्या बिहारी अफूशी स्पर्धा करी. तिने मुंबईची वाट अडवली. मग व्यापाऱ्यांनी काय केलं? तुमचा खडू इंदूरहून उत्तरेला न्या, मारवाडात पालीपर्यंत. तिथून पश्चिमेला जैसलमेर. वाळवंट ओलांडून कराची. कराचीहून गलबतातून समुद्राने पुन्हा खाली दक्षिणेला, दमणपर्यंत. दमण पोर्तुगीजांचं, तिथे कंपनीचा कायदा चालत नव्हता. मुंबईत राहणारे रोजेरियो द फारिया यांच्यासारखे गोव्याचे व्यापारी ह्या दमणच्या धंद्यात होते. ही रेघ मुलांना स्वतःच्या हाताने काढू द्या. कराचीपाशी आली की एखादा मुलगा विचारतोच, “सर, एवढं लांबून कशाला?” बंदी घातली म्हणजे माल थांबतो असं नाही, तो वाट वाकडी करतो, हे त्याला त्या क्षणी कळतं. मी तासभर व्याख्यान देऊन हे कळत नव्हतं.

पुढे कंपनीनेही हिशेब केला. अडवून मिळत काही नाही, मग जाऊ द्यावं आणि पैसे घ्यावे! १८३० च्या सुमारास परवाना-शुल्क भरून मुंबईमार्गे अफू नेण्याची मोकळीक झाली. १८३५ मध्ये पेटीमागे १२५ रुपये घेत. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची आडवाट त्यांच्या हातात आली, आणि १८४७ पर्यंत तेच शुल्क ४०० रुपयांवर गेलं. फळ्यावर आता कराचीची रेघ पुसा आणि मुंबईची जाड करा. एक लढाई आणि एक जकात ह्यांचा संबंध मुलांना फळ्यावर दिसेल.

मुंबईहून आणि कलकत्त्याहून दोन्ही रेघा आता सिंगापूरवरून चीनच्या दक्षिण किनाऱ्याला, कँटनच्या नदीमुखाशी न्या. कँटन म्हणजे आजचं ग्वांगझू. आता पट्ट्याची रुंदी ठरवायची. पाच हजार पेट्यांना एक बोट, असं प्रमाण धरू. १८०० च्या आसपास वर्षाला चार-पाच हजार पेट्या जात, म्हणजे जेमतेम एक बोट. १८३० च्या सुमारास वीस हजारांच्या जवळ, चार बोटं. १८३८-३९ मध्ये सुमारे चाळीस हजार, आठ बोटं. आणि १८८० च्या सुमारास पेट्या लाखाच्या घरात गेल्या, म्हणजे वीस बोटं. दीड वितीहून जास्त! चीनचा किनारा झाकून जातो. जाऊ द्या, मिनारचाही जात होता.

पेटी म्हणजे काय, हेही मुलांना दाखवलं पाहिजे. पेटीत साधारण साठ ते सत्तर किलो अफू मावे. एका बैलगाडीत दहा पेट्या भरल्या असं धरलं, तर १८३८-३९ च्या एका वर्षाच्या मालाला चार हजार गाड्या लागतील. एकामागे एक उभ्या केल्या आणि बैलांसकट एका गाडीला सहा मीटर दिले, तर ती रांग चोवीस किलोमीटरांची होते. तुमच्या गावापासून चोवीस किलोमीटरांवर कोणतं गाव आहे ते मुलांना विचारा. तिथपर्यंत नुसती अफू.

इथवर आपण जो नकाशा काढला, तो व्यापाऱ्याचा नकाशा झाला. माल गेला एवढंच तो सांगतो. जवळजवळ सगळे छापील नकाशे इथेच थांबतात. दोन-चार जाड बाण काढले की काम संपलं. पण गेलेल्या मालाच्या बदल्यात काही परत येतं, त्याचाही बाण काढला पाहिजे. चीनमधून चांदी आली, चहा घ्यायला पैसा झाला, लंडनवरच्या हुंड्या आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कित्येक वर्षं हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाचा सहावा-सातवा हिस्सा अफूचा होता. आणि मुंबई? सर जमशेटजी जीजीभाई तरुणपणी अनेकदा चीनला गेले. कापूस आणि अफू ह्या दोन्ही व्यापारांत त्यांनी संपत्ती मिळवली. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय आणि त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशातून झालेला माहीमचा सांकवपूल, दोन्ही १८४५ सालचे. तुमच्या गावातला कोणी ना कोणी ‘जे. जे.’मध्ये उपचार घेऊन आलेला असेल आणि बरा झालेला असेल. मी त्या दात्यांना नावं ठेवायला बसलेलो नाही. त्यांच्या काळी तो व्यापार उघड आणि सरकारमान्य होता. पण नकाशा काढायचा तर परतीचा बाण मुंबईत आणून टेकवावाच लागेल. पैसा कुठे पोचला ते न दाखवता माल कुठे गेला एवढंच दाखवणं, हा अर्धा हिशेब झाला.

आता बाणाच्या टोकाशी या. चीनमध्ये काय झालं? सम्राटाने १८३९ साली लिन झेशू नावाचा कडक अधिकारी कँटनला पाठवला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या काढून घेतल्या आणि हूमेन इथे समुद्रकाठी चर खणून, मीठ आणि चुना घालून सुमारे तीन आठवडे तो माल विरघळवला. त्याआधी त्याने समुद्रदेवतेची प्रार्थना करून सांगितलं होतं, हे विष तुझ्या पाण्यात सोडतो आहे, जलचरांना काही काळ दूर ने. हे वाचलं तेव्हा मी थांबलो. त्या सबंध व्यवहारात परिणामाचा विचार करणारा, आणि तोही माशांपर्यंत करणारा, हा एक माणूस! पुढचं तुम्हांला ठाऊक आहे: इंग्रजांनी युद्ध केलं, १८४२ च्या नानकिंगच्या तहात हाँगकाँग घेतलं, आणि दोन कोटी दहा लाख डॉलर दंड वसूल केला. त्यातले साठ लाख नष्ट केलेल्या अफूची भरपाई म्हणून होते. हाही एक परतीचा बाण. दुसऱ्या युद्धाच्या काळात, १८५८ मध्ये, अफूची आयात चीनला कायदेशीर करावी लागली. इकडे आपल्यातही सगळे गप्प नव्हते. दादाभाई नौरोजींनी ह्या व्यापाराचा निषेध केला, विशीतल्या रवींद्रनाथांनी १८८१ साली त्याच्यावर बंगालीत लेख लिहिला. १९०७ च्या करारानंतर चीनची निर्यात घटत घटत दहा वर्षांच्या आत थांबली.

एवढं सांगूनही फळ्यावरची चीनच्या आतली जागा कोरीच राहते. हीच गोष्ट मला आज तुम्हांला मुख्यतः सांगायची आहे. पेट्या किती गेल्या ते आपण बोटांनी मोजलं. शुल्क किती घेतलं ते रुपयांत सांगितलं. परंतु कँटनच्या मागच्या गावांत किती घरं बसली, किती शेतं विकली गेली, किती पोरं उपाशी झोपली, हे बोटांनी कसं दाखवणार? पेट्या मोजायला कारकून होते. घरं मोजायला कोणी नव्हतं. व्यापारी आपला हिशेब पैपैचा ठेवतो, म्हणून बाण ठसठशीत येतो. ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी वही नसते, म्हणून तिथे कागद पांढरा राहतो. पाहणाऱ्याला मात्र वाटतं की, पांढरा आहे म्हणजे तिथे काही झालं नाही! माझ्या वर्गात मी त्या जागेवर आता लिहायला लावतो: ‘इथे कोणी मोजलं नाही.’ मुलं लिहितात, आणि लिहिल्यावर जरा वेळ तिकडे बघत राहतात.

जुन्या काळाचं हे झालं. आजचे नकाशे फार सुधारले आहेत. उपग्रहातून काढलेल्या चित्रांवरून कोणत्या खोऱ्यात किती हेक्टर अफू आहे ते संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय दर वर्षी सांगतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये अफगाणिस्तानात तालिबानने अफूवर बंदी घातली. २०२२ मध्ये २ लाख ३३ हजार हेक्टरांवर असलेलं पीक २०२३ मध्ये १० हजार ८०० हेक्टरांवर आलं. नकाशावरचा गडद रंग एका वर्षात उडाला. पाहणाऱ्याने टाळी वाजवावी असंच ते चित्र. पण त्याच अहवालात होतं की, अफू विकून तिथल्या शेतकऱ्यांना मिळणारं उत्पन्न १३६ कोटी डॉलरांवरून ११ कोटींवर आलं. पिकाचा रंग फिकट झाला ते दिसलं. चूल फिकी पडली ते त्या नकाशात दिसायची सोय नव्हती. आणि त्याच २०२३ मध्ये अफूच्या उत्पादनात म्यानमार पहिल्या क्रमांकावर आला. तिथली लागवड २०२१ च्या लष्करी सत्तांतरानंतर वाढत होतीच. सायकलची ट्यूब एके ठिकाणी दाबली की दुसरीकडे फुगते. एकाच देशाचा नकाशा समोर धरला तर ते फुगणं आपल्याला दिसत नाही.

आणखी एक फसवा नकाशा वर्तमानपत्रांतून येतो. कोणत्या जिल्ह्यात किती माल पकडला, त्यावरून जिल्हे रंगवतात. पण माल पकडला गेला म्हणजे तिथे पोलीस जागे होते, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. जिथे कोणी पकडलंच नाही, तो जिल्हा नकाशावर पांढराशुभ्र! तसंच शेकडेवारीचं. २०१९ च्या पाहणीत लोकसंख्येशी प्रमाण पाहिलं तर मिझोराम, नागालँडसारखी छोटी राज्यं गडद होतात. माणसांची संख्या पाहिली तर उत्तर प्रदेश गडद होतो. दोन्ही नकाशे खरे. कोणता दाखवायचा हे ज्याच्या त्याच्या हेतूवर. म्हणून वर्गात नकाशा लावण्याआधी, रंग कशाचा आहे हे आधी मुलांना विचारावं.

जाता जाता एक बारीक रेघ काढायची राहिली, तीही काढू. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात आजही सरकारी परवान्याने अफू पिकते आणि ती नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. तिच्यातून निघणारं मॉर्फिन कर्करोगाच्या रुग्णाच्या असह्य वेदना शमवतं. चीक तोच. म्हणून झाडाला शिव्या देऊ नयेत.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. अफूच्या नकाशाने मुलं इतकी रंगली की मला वाटलं, हेच आता गावाचं करावं. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर एका खेड्यात होतं. त्या गावात दारू होतीच, पण अलीकडे तरुण पोरांत नशेच्या गोळ्यांचं लोण आलं होतं. आम्ही देवळापुढचं अंगण शेणाने सारवलं आणि रांगोळीने गावनकाशा काढला. ओढा, पाणंद, शाळा, वाड्या-वस्त्या, सगळं उत्तम जमलं. मग माझ्या सांगण्यावरून विद्यार्थ्यांनी व्यसन शिरलेल्या घरांवर लाल ठिपके द्यायला सुरुवात केली. लाल रांगोळी संपली, तेव्हा एका पोराने देवळातल्या करंड्यातलं कुंकू घेतलं. गर्दी जमली होती. मी मनात खूष होतो. स्नोच्या नकाशासारखी दाटी दिसू लागली होती.

एक बाई पुढे आल्या. पन्नाशीच्या असतील. खाली वाकल्या आणि एक ठिपका त्यांनी पदराने पुसून टाकला. कोणी काही बोलेना. मग त्याच म्हणाल्या, “सर, कुंकू असल्या कामाला लावत्यात व्हय? आन्‌ उद्या माझ्या लेकीला बघायला पाव्हणं येणार हायती, ते ह्याच अंगणातनं येणार.”

मला उत्तर सुचलं नाही. लंडनची माणसं मेली होती, त्यांच्या दाराशी रेघ मारली तर ती दुखावणार नव्हती. इथे ठिपक्याखाली घर जिवंत होतं. त्या मुलाचं व्यसन पुढेमागे सुटेल, पण गावाने पाहिलेला ठिपका सुटणार नाही. मी विद्यार्थ्यांना सगळे ठिपके पुसायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आत सगळं अंगण पुन्हा सारवून घेतलं. ते सारवण मी स्वतः केलं. बरं जमलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्या विद्यार्थिनींनी शाळेच्या एका खोलीत बायकांना बोलावलं. मी दाराशी बसलो, आत गेलो नाही. जमिनीवर खडूने फक्त एक घर काढलेलं होतं, कोणाचंही नाही, नुसतं घर. बायकांच्या हातात जोंधळे दिले आणि विचारलं, अशा घरातलं काय काय बाहेर जातं आणि कुठे जातं, ते दाणे टाकून दाखवा. पहिल्यांदा कोणी हलेना. मग एकीने बाजाराच्या गावाकडे मूठभर दाणे टाकले. ते गोळ्या विकत मिळतात तिथले. हे आम्हांला ठाऊकच होतं. दुसरीने तालुक्याच्या दवाखान्यावर टाकले. एक तरुण मुलगी बराच वेळ थांबून म्हणाली, “माहेर कुठं काढलंय?” माहेर काढलं, तिने तिथे ओंजळ रिकामी केली. कितीदा तरी तिथून उसने आणले असतील. आणि सगळ्यांत मोठी रास पडली ती अशा ठिकाणी, की जे आमच्या एकाही विद्यार्थ्याने नकाशावर काढलंच नव्हतं. ते म्हणजे सराफाचं दुकान. डोरलं, बुगड्या, मुलीच्या पायांतले वाळे, सगळं तिकडे गहाण पडलेलं. सराफ काही नशेचा धंदा करीत नव्हता. तो आपला कायदेशीर, परवान्याचा धंदा करीत होता. मला माहीमचा पूल आठवला.

त्या आदल्या दिवशीच्या बाईही तिथे होत्या. त्यांनी शेवटी विचारलं की, पोराला औषध मिळतं ते ठिकाण कुठं दावलंय? ते जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात होतं, गावापासून साठ किलोमीटरांवर, दोन एस.टी. बदलून. आमच्या प्रमाणाने ती रेघ खोलीत मावेना. एक विद्यार्थिनी खडू घेऊन ओळ काढत काढत उंबऱ्यापर्यंत आली, मी पाय बाजूला घेतले, ती व्हरांड्यातून पायऱ्या उतरली, आणि पुढे मातीत खडू उमटेना म्हणून तिने काठी घेतली. बायका बाहेर येऊन बघत उभ्या राहिल्या. “यवढं लांब?” असं कोणीतरी म्हणालं. पुढच्या ग्रामसभेत त्या गावाने ठराव केला की, महिन्यातून एकदा तरी तो डॉक्टर तालुक्याला यावा. अर्ज गेला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही पुन्हा लिहिणार आहोत.

शिक्षक मित्रांनी येत्या २६ जूनला फलकांच्या जोडीला हे करून पाहावं. फक्त घरांवर खूण करू नये, आणि रांगोळी काढायची तर पाहुणे कधी येणार आहेत ते आधी विचारून घ्यावं. कोणाच्या घरी आताच मदत हवी असेल तर सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, क्रमांक १४४४६. पैसे पडत नाहीत आणि आपलं नाव गावात कळत नाही. तो क्रमांक मात्र नकाशाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहावा. दिशादर्शक बाण काढतो ना आपण, त्याच्या शेजारी.